शुगरच्या पेशंटला ग्लुकोजचं सलाईन कसं काय लावतात?

कर्वेरोडकर | मंगळवार, सकाळी ७:१०

सासरे (वय ७१) कोथरूडच्या एका हॉस्पिटलात ॲडमिट आहेत. पित्ताशयात खडे, आज दुपारी दुर्बिणीतून ऑपरेशन. बीपी आणि शुगर दोन्ही जुनी दुखणी. रात्री बारापासून तोंडाने काही द्यायचं नाही असं सांगितलंय. सकाळी सहाला सिस्टरनी नवी बाटली लावली, ती सहज वाचली तर 'डेक्स्ट्रोज ५%', म्हणजे ग्लुकोजच. आणि शेजारी पंपावर इन्सुलिन चालू! म्हणजे एकीकडून साखर घालायची आणि दुसरीकडून उतरवायची?

सिस्टरना विचारलं तर "सरांनी लिहिलंय" एवढंच उत्तर. आत्यांनी नाशिकहून फोनवरच निकाल देऊन टाकला की शुगरवाल्याला ग्लुकोज चढवणं म्हणजे बिल वाढवायचे धंदे. मला तसं वाटत नाही, पण समजून घ्यायचंय. इथे डॉक्टर मंडळी आहेत म्हणून विचारते आहे.

पिंपळे_गुरव_लोकल | सकाळी ७:२८

आत्यांचा नंबर द्या. आमच्या सोसायटीत वैद्यकीय सल्लागाराची जागा रिकामी आहे.

(गंमत सोडा. काळजी घ्या, ऑपरेशन नीट पार पडेल.)

रात्रपाळी | सकाळी ८:०५

मी फिजिशियन, आयसीयूत काम करतो. तुम्ही सांगताय त्या परिस्थितीत ग्लुकोज मुद्दाम लावलेलं असतं, आणि बरोबर लावलंय.

उपाशी माणसालाही इन्सुलिन लागतं. ते पूर्ण बंद पडलं की शरीर चरबी जाळायला घेतं, कीटोन वाढतात, रक्तातलं आम्ल वाढतं. पण पोटात काही नसताना नुसतं इन्सुलिन सोडलं तर शुगर धाडकन खाली येईल. भुलीखाली असलेल्या पेशंटला घाम, थरथर, बडबड यातलं काही सांगता येत नाही, दाखवता येत नाही. म्हणून दोन्ही सोबत चालवतात. ग्लुकोज ठरलेल्या वेगाने, आणि इन्सुलिन दर तासाच्या शुगरवर कमी-जास्त. सोबत पोटॅशियमवर लक्ष ठेवावं लागतं, कारण इन्सुलिन ग्लुकोजबरोबर पोटॅशियमही पेशींत ढकलतं आणि रक्तातलं कमी होतं.

तुम्ही फक्त दोन गोष्टी बघा. एक, तासातासाला बोटातून शुगर तपासताहेत का. दोन, आणि ही जास्त महत्त्वाची: बाटली संपत आली की लगेच सांगा. ग्लुकोजची बाटली रिकामी झाली, नवी लावायला वीस मिनिटं गेली आणि शेजारचा इन्सुलिनचा पंप आपला चालूच, यातून शुगर कोसळल्याच्या घटना जगभर झालेल्या आहेत. पंपाला बाटली रिकामी झाल्याचं कळत नसतं.

अजून एक विचारतो. त्यांच्या गोळ्यांत डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन आहे का? ती निदान तीन दिवस आधी बंद करायची असते.

कर्वेरोडकर | सकाळी ८:४०

आहे, डापाग्लिफ्लोझिन. भूलतज्ज्ञ मॅडमनी शुक्रवारीच थांबवायला सांगितली होती. तेव्हा आम्हाला वाटलं की शुगर वाढेल म्हणून आता ओरडा बसणार. का थांबवतात?

रात्रपाळी | सकाळी ८:५२

चांगल्या आहेत तुमच्या भूलतज्ज्ञ. ही गोळी लघवीवाटे साखर बाहेर टाकते. त्यात उपास, ऑपरेशनचा ताण आणि कमी पडणारं इन्सुलिन जमलं की कीटोन वाढतात, पण शुगर मात्र १५०-२०० च्या आसपास सभ्य दिसत राहते. त्यामुळे कोणाला संशय येत नाही. पेशंटला मळमळ, पोटदुखी, धाप, आणि सगळे म्हणतात "शुगर तर ठीक आहे". अशा वेळी उपचारातही इन्सुलिनबरोबर ग्लुकोजचं सलाईन द्यावंच लागतं, कारण कीटोन जाईपर्यंत इन्सुलिन चालू ठेवायचं असतं आणि शुगर तर आधीच फार नसते.

तळजाई_टेकडी | सकाळी ९:१५

हे वाचून आठवलं. माझी भाची टाइप वन आहे. अकरावीत असताना कीटोॲसिडोसिस (कीटोन वाढून रक्तातलं आम्ल वाढणं) होऊन ॲडमिट होती. शुगर ५०० च्या वर, आधी साधं नॉर्मल सलाईन (मिठाचं पाणी) आणि इन्सुलिन. शुगर २५० च्या खाली आली तशी डॉक्टरांनी बाटली बदलून ग्लुकोजची लावली आणि तिच्या बाबांनी वॉर्ड डोक्यावर घेतला. "आता कुठे उतरलीय आणि लगेच साखर?" रजिस्ट्रार मुलगी होती, जेमतेम पंचविशीची. तिने शांतपणे कागदावर काढून दाखवलं की शुगर उतरली तरी रक्तातले कीटोन अजून तसेच आहेत, इन्सुलिन थांबवलं तर परत पहिल्यापासून. भावजी गप्प बसले. अर्थात तो कागद त्यांनी अजून पाकिटात ठेवलाय असं काही नाही, पण पुढच्या वेळी भांडले नाहीत.

धायरीकर_जुने | सकाळी १०:३०

सगळं ठीक आहे, पण तुम्ही लोक फार घाबरवता. आमच्या गावाकडे (भोर) डॉक्टर एक ग्लुकोजची बाटली लावतात आणि माणूस दुसऱ्या दिवशी शेतात. आईला अशक्तपणा आला की मी स्वतः नेऊन दोन बाटल्या लावून आणतो. पिवळी लावली तर अजून लवकर फरक पडतो. पुण्यातले डॉक्टर मात्र 'गरज नाही' म्हणून गोळ्या लिहून पाठवतात आणि पाचशे रुपये घेतात. बाटली लावली असती तर पैसे तरी वसूल झाले असते.

रात्रपाळी | सकाळी ११:२०

काका, हिशोब करू या. ५ टक्के म्हणजे १०० मिलीत ५ ग्रॅम. ५०० मिलीच्या बाटलीत २५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे पाच-सहा चमचे साखर. कॅलरी शंभरच्या आत. आईंना एक केळं आणि कपभर दूध दिलंत तर याहून जास्त मिळेल, वर प्रथिनं मिळतील. पिवळा रंग बी-व्हिटॅमिनचा. तो निघून जातो लघवीतून, तुम्ही पाहिलंच असेल.

मग फरक का पडतो? उलट्या-जुलाबाने किंवा तापाने पाणी कमी झालेलं असतं, ते भरून निघतं. शिवाय तीन-चार तास माणूस आडवा पडून राहतो, कोणीतरी लक्ष देतं, तेही काम करतं. याला माझा विरोध नाही. पण तोंडाने घेता येत असेल तर ओआरएसने हेच होतं, आणि जास्त चांगलं होतं, कारण आतड्यात ग्लुकोज आणि मीठ एकमेकांना धरून शोषले जातात आणि त्यांच्यामागून पाणी. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाईनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच जोरावर माणसं वाचवली होती.

आणि घाबरवतो ते उगाच नाही. माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून ग्लुकोज असतं साधारण ५ ग्रॅम. तुमच्या एका बाटलीत त्याच्या पाचपट आहे. हळू गेली तर शरीर सांभाळून घेतं. कम्पाउंडर घाईत असेल आणि तासाभरात सोडली तर ६० किलोच्या माणसालाही, शुगर नसली तरी, तेवढी वापरता येत नाही. शुगर चढते, लघवी वाढते, आणि पाणी भरायला लावलेली बाटली उलट पाणी काढते. आईंना बीपीची गोळी कोणती आहे? नावात 'थायाझाइड' असेल, किंवा क्लोरथॅलिडोन, इंडापामाइड असं काही, तर सांगा. त्याबद्दल वेगळं बोलायचंय.

धायरीकर_जुने | सकाळी ११:४४

टेल्मिसार्टन आणि पुढे काहीतरी आहे. पाकीट बघून सांगतो. केळ्याचं पटलं. बाकी विचार करतो.

वॉर्डसिस्टर_निवृत्त | दुपारी १२:३५

मी तीस वर्षं वॉर्डात काढली, शेवटची काही मेल सर्जिकलला. "सरांनी लिहिलंय" हे उत्तर ऐकून वाईट वाटलं, पण त्या मुलीच्या बाजूनेही सांगते: एका सिस्टरमागे किती पेशंट असतात ते बघा.

नातेवाइकांनी एक गोष्ट कधीही करू नये. ती प्लॅस्टिकची चाकी, रोलर म्हणतो आम्ही, तिला हात लावू नये. भेटायला आलेले काका "किती हळू पडतंय, संध्याकाळपर्यंत संपायचं नाही" म्हणून बोटाने चाकी वर सरकवतात आणि जातात निघून. मी अशी बाटली पाऊण तासात रिकामी झालेली पाहिली आहे. त्या आजोबांना हार्टचा त्रास होता, रात्री धाप लागली.

वेग कसा ओळखायचा ते सांगते. मोठ्या माणसांच्या सेटला बहुतेक २० थेंबांना १ मिली असतं, सेटच्या पाकिटावर छापलेलं असतं. ५०० मिली चार तासांत द्यायचं असेल तर मिनिटाला चाळीस-बेचाळीस थेंब. आठ तासांत असेल तर वीस-एकवीस. घड्याळ धरून मोजा, फार वेगळं दिसलं तर चाकी न फिरवता बेल दाबा. हात वाकवला, पलंग खालीवर केला, पेशंट बाथरूमला जाऊन आला की थेंब बदलतात. म्हणून लहान मुलांना आणि आयसीयूत पंप.

रक्ताच्या नमुन्याचंही सांगते. ज्या हातात ग्लुकोज चालू आहे त्याच हातातून, सुईच्या वरून रक्त काढलं तर रिपोर्ट भलताच येतो. शुगर ६००, सोडियम खाली. मग त्या खोट्या शुगरवर कोणीतरी इन्सुलिन देतं. म्हणून दुसऱ्या हातातून काढायचं. आणि बोटातून शुगर बघताना पेशंटने आत्ताच मोसंबी सोलली असेल तर आधी बोट पाण्याने धुवा, नुसता स्पिरिटचा बोळा फिरवून भागत नाही.

रात्रपाळी | दुपारी १:०२

सिस्टर, तुमच्या मुद्द्याला पुस्ती. आयसीयूत धमनीत जी लाइन (बारीक नळी) असते ती सलाईनने वाहती ठेवतात. इंग्लंडमध्ये तिथे चुकून ग्लुकोजची पिशवी लागली, त्याच लाइनमधून काढलेल्या रक्तात शुगर सतत जास्त दिसत राहिली, आणि इन्सुलिन वाढवत नेल्यामुळे पेशंटच्या मेंदूला कायमची इजा झाली, असे प्रकार घडले. त्यावरून २००८ ला तिथल्या रुग्णसुरक्षा यंत्रणेने इशारा काढला, २०१४ ला भूलतज्ज्ञांच्या संघटनेने नियमावली. पिशव्या दिसायला सारख्या, हेच कारण.

सोनचाफा_ | दुपारी २:२०

लिहू की नको असं वाटत होतं. पण लिहिते.

माझा मुलगा पाच वर्षांचा असताना टॉन्सिल काढायला नेला होता. हॉस्पिटलचं नाव देणार नाही, आता तो विषय संपलाय. ऑपरेशन छान झालं. नंतर रात्रभर सलाईन, एका बाटलीनंतर दुसरी. संध्याकाळी त्याला उलट्या सुरू झाल्या, "डोकं दुखतं" म्हणाला, मग नुसता झोपून राहायला लागला. हाक मारली की डोळे उघडायचा आणि भिंतीकडे बघायचा. मला सांगण्यात आलं की भुलीमुळे होतं, झोपू द्या. पहाटे झटका आला. दुसऱ्या हॉस्पिटलात हलवला तेव्हा सोडियम १२१ होतं. तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला: कोणतं सलाईन चालू होतं? मला माहीतच नव्हतं. मिस्टरांनी कचऱ्याच्या बादलीतून रिकामी बाटली उचलून आणली होती, तिच्यावर ग्लुकोज आणि अगदी थोडं मीठ. त्याला ३ टक्क्यांचं सलाईन देऊन सावरला. आज सातवीत आहे, क्रिकेट खेळतो.

मला आजही कळत नाही की सलाईनने सोडियम कमी कसं होतं. सलाईनमध्ये तर मीठ असतं ना?

रात्रपाळी | दुपारी ४:१०

ओपीडी संपवून आलो. ताई, लिहिलंत ते फार बरं केलंत. सविस्तर सांगतो, कारण या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे आणि सासऱ्यांच्या केसशीही त्याचा संबंध आहे.

प्रत्येक बाटलीत मीठ नसतं. डेक्स्ट्रोज ५% मध्ये फक्त पाणी आणि ग्लुकोज. शिरेत जाताना ते रक्ताशी साधारण जुळतं म्हणून रक्तपेशी फुटत नाहीत. पण ग्लुकोज पेशींनी वापरून टाकलं की मागे उरतं निव्वळ पाणी. एक लिटर दिलं तर त्यातलं दोन तृतीयांश पेशींच्या आत जातं, रक्तवाहिन्यांत राहतं जेमतेम ८० मिली. म्हणून बीपी पडलंय, रक्तस्राव झालाय, शॉक आहे, अशा वेळी ही बाटली काही कामाची नाही. तिथे नॉर्मल सलाईन किंवा रिंगर लॅक्टेट (मीठ आणि इतर क्षार असलेलं सलाईन).

निरोगी माणूस हे जादा पाणी लघवीवाटे काढून टाकतो. पण ऑपरेशन, वेदना, मळमळ, न्यूमोनिया, मेंदूचा ताप यांत मेंदूतून एडीएच हार्मोन सुटत राहतं. ते किडनीला सांगतं, पाणी धरून ठेव. आता वरून पाणी येतंय, खालून दार बंद. रक्त पातळ होतं, सोडियम १३५ च्या खाली, मग १२५, १२०. पाणी पेशींत शिरतं आणि मेंदू सुजतो. कवटी काही ताणत नाही. लहान मुलांत मेंदू कवटीच्या मानाने मोठा असतो, सुजायला जागाच कमी, म्हणून त्यांना लवकर झटके येतात. उलटी, डोकेदुखी, गुंगी, विचित्र वागणं ही पहिली लक्षणं. आणि ऑपरेशननंतर हे सगळं 'भुलीमुळे' वाटतं. तिथेच चूक होते.

मुलांना कमी मिठाचं ग्लुकोज लावायची ही पद्धत आली कुठून? १९५७ मध्ये हॉलिडे आणि सेगर या दोघांनी मुलांना रोज किती द्रव लागतो याचं सोपं सूत्र दिलं. पहिल्या १० किलोला किलोमागे १०० मिली, पुढच्या १० ला ५० मिली, त्यापुढे २० मिली. १६ किलोच्या मुलाला १३०० मिली दिवसाला. आजही आम्ही हेच वापरतो. पण त्यात मीठ किती घालायचं हे त्यांनी निरोगी बाळाच्या दुधावरून काढलं होतं, म्हणून ते फार कमी. आजारी मुलाच्या एडीएचचा विचार त्यात नव्हता. जगभर काही दशकं हेच चाललं. २००७ मध्ये इंग्लंडने ४ टक्के ग्लुकोज आणि ०.१८ टक्के मीठ असलेल्या पिशव्या मुलांच्या साध्या वॉर्डांतून काढायला सांगितल्या. उत्तर आयर्लंडमध्ये मुलांच्या अशा मृत्यूंची चौकशी झाली, तिचा अहवाल २०१८ ला आला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने सांगितलं की २८ दिवस ते १८ वर्षं वयाच्या मुलांना रोजची द्रवाची गरज भागवायला रक्ताइतकंच सोडियम असलेला द्रव द्या, सोबत गरजेनुसार पोटॅशियम आणि ग्लुकोज.

लक्षात घ्या, ग्लुकोज काढून टाका असं कोणी म्हणत नाहीये. लहान मुलांच्या यकृतात साठा कमी असतो, उपाशी राहिली की शुगर लवकर पडते. ग्लुकोज हवंच, पण पूर्ण मिठाबरोबर. आपल्याकडे डीएनएस (डेक्स्ट्रोज नॉर्मल सलाईन) म्हणतात ती बाटली तशी असते. आणि सलाईन दिवसापेक्षा जास्त चालणार असेल तर सोडियम तपासायचं. तुमच्या मुलाच्या वेळी ते तपासलं असतं तर रात्रीच कळलं असतं.

सोनचाफा_ | दुपारी ४:३१

धन्यवाद डॉक्टर. इतक्या वर्षांत कोणी इतकं सांगितलं नव्हतं.

धायरीकर_जुने | संध्याकाळी ५:०५

आईचं पाकीट बघितलं. टेल्मिसार्टन + क्लोरथॅलिडोन.

रात्रपाळी | संध्याकाळी ५:२६

म्हणूनच विचारलं. क्लोरथॅलिडोन लघवीतून सोडियम घालवतं, म्हाताऱ्या बायकांत जास्त. मग त्यांना अशक्तपणा येतो, तोल जातो, भूक मरते. अशक्तपणा आला म्हणून तुम्ही नेऊन ग्लुकोजच्या दोन बाटल्या लावता, म्हणजे नुसतं पाणी, आणि सोडियम अजून उतरतं. गोळी आपल्या मनाने बंद करू नका, पण सोडियम-पोटॅशियम एकदा करून घ्या. कुठल्याही लॅबमध्ये होतं.

आणखी एक. रोज दारू घेणारा, महिनाभर नीट न जेवलेला, किंवा गरोदरपणात आठवडेच्या आठवडे उलट्या होणारी बाई, यांना आधी थायमिन म्हणजे बी-१ चं इंजेक्शन, मग ग्लुकोज, निदान दोन्ही एकदम. ग्लुकोज वापरायला बी-१ लागतं. ते संपलेलं असताना नुसतं ग्लुकोज ढकललं तर डोळे भलतीकडे फिरतात, तोल जातो, माणूस गोंधळतो आणि स्मृती कायमची जाऊ शकते. अशा पेशंटला एकदम भरपूर ग्लुकोज दिलं तर फॉस्फेट आणि पोटॅशियमही कोसळतं. पण शुगर खूप पडून बेशुद्ध असेल तर थायमिनची वाट बघत बसायचं नाही, आधी ग्लुकोज.

लक्ष्मीरोड_केमिस्ट | संध्याकाळी ६:४०

हॉस्पिटल फार्मसीत आहे, थोडं आमच्या बाजूने.

५, १०, २५ आणि ५० टक्के अशी सगळी डेक्स्ट्रोज येतात. २५ टक्क्यांची १०० मिलीची छोटी बाटली शुगर पडलेल्या पेशंटसाठी. ती चुकून साध्या सलाईनसारखी चालवली तर शीर जळते, सुजते. सुई शिरेबाहेर सरकली असेल तर कातडीसकट खराब होतं. १० टक्क्यांच्या वरचं हाताच्या बारीक शिरेतून चालू ठेवायचं नाही, असा साधा नियम.

औषधं कशात मिसळायची यालाही नियम आहेत. फिटचं फेनिटॉइन डेक्स्ट्रोजमध्ये घातलं की स्फटिक पडतात, ते नॉर्मल सलाईनमध्येच. रक्त चालू असलेल्या लाइनमध्ये डेक्स्ट्रोज नाही, पेशी फुटतात आणि गुठळ्या होतात. उलट बुरशीवरचं ॲम्फोटेरिसिन फक्त डेक्स्ट्रोजमध्ये, सलाईनमध्ये नासतं. २०२१ च्या म्युकरच्या (काळ्या बुरशीच्या) दिवसांत हे रोज समजावत होतो. पेशंट बहुतेक सगळे शुगरचे, आणि इंजेक्शन द्यायचं ग्लुकोजमधूनच. नातेवाईक म्हणायचे, आधीच शुगरने डोळा गेला आणि वर हे. सांगायचो की इन्सुलिन त्या हिशोबाने वाढवतील, पण हे औषध दुसऱ्या कशात जात नाही. एकीकडे ते इंजेक्शन मिळत नव्हतं म्हणून गावभर फिरणारी माणसं आणि त्यात हे. नको ती आठवण.

एक विनंती सगळ्यांना: बाटली लावण्याआधी उजेडात धरून बघायला सांगा. गढूळ, कण तरंगताहेत, दाबल्यावर ओलं लागतंय, तर परत करा, आम्ही बदलून देतो. १९७२ ला इंग्लंडात प्लिमथच्या हॉस्पिटलात नीट निर्जंतुक न झालेल्या ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या बाटल्यांनी माणसं गेली होती. आणि ते कडक बाटलीला वरून सुई खुपसून हवा द्यायचं बंद करा हो. फिल्टरवाला सेट मिळतो.

वॉर्डसिस्टर_निवृत्त | संध्याकाळी ७:००

सुईचं अगदी खरं. माझ्या वॉर्डात कोणी तसं केलं तर बाटली उतरवायला लावत असे.

बावधन_बायपास | रात्री ९:१५

पाऊस सुरू झालाय, सोसायटीत डेंग्यूच्या दोन केस. डेंग्यूत ग्लुकोज द्यायचं का?

रात्रपाळी | रात्री १०:४८

पिता येत असेल तर ओआरएस, ताक, पेज, नारळपाणी. उलट्या थांबत नसतील, पोट खूप दुखत असेल, हिरड्यांतून रक्त, सुस्ती, हातपाय गार, यातलं काही असेल तर ॲडमिट. डेंग्यूत रक्तवाहिन्यांतून द्रव गळतो, तो भरायला नॉर्मल सलाईन किंवा रिंगर लॅक्टेट लागतं, नुसतं डेक्स्ट्रोज नाही. तेही हिमॅटोक्रिट (रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण) बघून मोजूनमापून, कारण गळती थांबल्यावर तोच द्रव परत रक्तात येतो आणि फुप्फुसात पाणी होतं. प्लेटलेटकडे सगळे बघतात, हिमॅटोक्रिटकडे कोणी बघत नाही.

कर्वेरोडकर | गुरुवार, सकाळी ९:३०

अपडेट. ऑपरेशन व्यवस्थित झालं. पण पुढचं ऐका. बुधवारी दुपारपासून सासरे जेवायला लागले, इन्सुलिनचा पंपही काढला, तरी डेक्स्ट्रोजची बाटली चालूच होती. रात्री ते जरा बरळल्यासारखं बोलायला लागले, लाईट कोणी घालवली वगैरे. आत्या म्हणाल्या वय झालं. मी इथलं वाचलं होतं म्हणून तिथल्या रात्रीच्या ड्युटीवरच्या आरएमओंना (निवासी डॉक्टरांना) विचारलं की ते जेवताहेत, मग हे कशासाठी चालू आहे, आणि सोडियम केलंय का? त्यांनी फाईल बघितली. ऑर्डर सोमवारचीच पुढे ओढलेली होती. लगेच बाटली बंद केली, रक्त पाठवलं, दुसऱ्या हातातून :) सोडियम १२८, शुगर २९०. पाणी मोजून प्यायला सांगितलंय, सहा-सहा तासांनी तपासणी. आज सकाळी १३१, आणि पेपर वाचताहेत.

आरएमओ चिडले नाहीत. उलट "बरं झालं विचारलंत" म्हणाले.

रात्रपाळी | सकाळी १०:०२

छान. १३१ वर घाई करायला सांगू नका. सोडियम २४ तासांत आठ-दहाच्या वर चढवलं तर मेंदूला वेगळीच इजा होते, हळू चढतंय तेच बरं.

सुरू करताना विचार होतो, बंद करायचं कोणाच्या लक्षात राहत नाही. सलाईनची ऑर्डर रोज नव्याने लिहावी, सोबत त्या दिवशीचं वजन, आत-बाहेरचा हिशोब आणि सोडियम बघून, असं आम्ही निवासी डॉक्टरांना घोकून शिकवतो. इंग्लंडच्या नाइस संस्थेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनेत मोठ्यांसाठी आकडे आहेत: किलोमागे २५ ते ३० मिली पाणी, आणि उपासाचे कीटोन टाळायला दिवसाला ५० ते १०० ग्रॅम ग्लुकोज. म्हणजे एक ते दोन लिटर डेक्स्ट्रोज ५%, तेही सोबत सोडियम-पोटॅशियम देऊन आणि तोंडाने सुरू होईपर्यंतच. जेवायला लागले की संपलं.

तळजाई_टेकडी | सकाळी १०:४५

माझा शेवटचा प्रश्न. आजीची शुगर मागच्या महिन्यात ३८ झाली होती, शुगरची ग्लिमेपिराइड गोळी घेते आणि दोन दिवस उलट्यांमुळे जेवली नव्हती. २५ टक्क्यांचं ग्लुकोज दिलं, दहा मिनिटांत टुणकन उठून बसली. आम्ही म्हटलं आता घरी नेतो, तर डॉक्टरांनी सोडलं नाही, दोन दिवस ठेवलं. तेही बिलासाठी नव्हतं ना?

रात्रपाळी | सकाळी ११:१०

नव्हतं. शिरेतून दिलेलं ग्लुकोज तासा-दोन तासांत संपतं, ग्लिमेपिराइड मात्र दिवसभर आणि किडनी कमजोर असेल तर त्याहून जास्त वेळ इन्सुलिन पिळून काढत राहतं. घरी नेलं असतं तर रात्री झोपेत परत पडली असती. म्हणून १० टक्के डेक्स्ट्रोज हळू चालू ठेवून दर एक-दोन तासांनी शुगर बघतात, निदान एक दिवस, बरेचदा दोन. डिस्चार्जला ती गोळी बंद केली, बदलली की डोस कमी केला ते कागदावर बघा, आणि क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) करून घ्या. उलट्या होत असतील, जेवण जात नसेल तर ती गोळी त्या दिवशी घ्यायची की नाही हे आधीच विचारून ठेवा.

तळजाई_टेकडी | सकाळी ११:१८

कागद बघितला. गोळी तीच, डोसही तोच. आत्ता फोन लावते.